"फुकटचे प्लॉट" म्हणणाऱ्यांसाठी एक एकराचा हिशोब

आज २४ जून, दिबांचा स्मृतिदिन. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी दि. बा. पाटलांचा फोटो टाकला. त्याखाली एका सद्गृहस्थांनी विचारलं, "यांच्यामुळेच गाववाल्यांना फुकटचे प्लॉट मिळाले ना?" त्यावर तीन अंगठे. फुकटचे! डोकं सटकलं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

उरणकडचे एक आजोबा घ्या. एकरभर भातशेती, सातबाऱ्यावर चार भाऊ. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं प्रकल्पात गेली. संपादन कुठल्या कायद्याने? १८९४ च्या. इंग्रज गेला, कायदा त्याचाच. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, मग निवाडा, म्हणजे भरपाई किती ते ठरवणारा आदेश. रक्कम कमी वाटली तर कलम १८ खाली कोर्टाकडे जाता येई, पण निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. आणि हरकत न नोंदवता पैसे उचलले की तो हक्कही गेला. आजोबांनी अंगठा उठवला, पैसे घेतले. खेळ खलास.

दिबा म्हणजे उरणकडच्या जासईचा वकील माणूस, पनवेलचा पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विरोधी पक्षनेता. कायद्यातल्या या फटी त्याला पाठ होत्या. भाव वाढवून मागणारे पुढारी पैशाला पासरी असतात. दिबांच्या लढ्याचं मोल हे की मागणी भावावर थांबली नाही. आमच्या जमिनीवर शहर उभं राहणार, तर त्या विकसित जमिनीत आमचा वाटा, इथवर ती पोचली. त्यासाठी १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि १७ ला नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. धुतूम आणि पागोट्याचे पाच जण गेले. याच उरण तालुक्यात चिरनेरला १९३० साली इंग्रजांच्या पोलिसांनीही गोळ्याच झाडल्या होत्या. फरक कुणी सांगेल का?

आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत देण्याचा शासन निर्णय निघाला १९९० ला. गोळीबारानंतर सहा वर्षं! १९९४ ला त्यात सुधारणा.

आता आजोबांचा एकर मांडा. ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी मूळ क्षेत्राच्या पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा कापला. उरले साडेतीन गुंठे, साधारण ३५४ चौरस मीटर. दीड एफएसआयने, म्हणजे प्लॉटच्या दीडपट, ५३१ चौरस मीटर बांधकाम, त्यात १५ टक्क्यांपर्यंत दुकानं. चार भावांत वाटलं तर जमीन ८८ चौरस मीटर प्रत्येकी. हे फुकट? ४० गुंठे देऊन साडेतीन, तेही तेव्हा मालकीने नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. स्वतःच्या बापाच्या शेतात भाडेकरू!

हो, काहींनी प्लॉट मातीमोल विकून गाड्या उडवल्या, काही पुढाऱ्यांची पोरं बिल्डर झाली. मान्य. पण बँक कर्ज देईना आणि बिल्डर रोख घेऊन दारात उभा, तेव्हा आजोबांनी काय करायचं होतं?

सद्गृहस्थांनी एक करावं. आपल्या फ्लॅटचा करार काढावा, सुरुवातीची पानं वाचावीत. मूळ भूधारकाचं नाव, सिडकोचा भाडेपट्टा करार, मग बिल्डरसोबतचा त्रिपक्षीय करार अशी साखळी दिसली, तर आपली बिल्डिंग साडेबाराच्याच प्लॉटवर आहे. सिडकोच्या नोडमधल्या, म्हणजे वसाहतींतल्या, कितीतरी इमारती तशाच आहेत.

आजोबांच्या घरातली तोंडं वाढली, गावठाणाची हद्द काही वाढली नाही. मग शेजारी दोन खोल्या काढल्या, त्यांना कागदावर नाव 'गरजेपोटी' बांधकाम, म्हणजे विनापरवाना. आजोबा म्हणतात, "जमीन आमची गेली, नं अनधिकृत पन आमीच."

असो. रागावून काय होणार. नवी मुंबई विमानतळासाठी जमिनी गेलेल्यांना साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं, ते या साडेबारावर दहा चढवून. पाया जासईच्या माणसाचाच, विमानतळाच्या नावावरून भांडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि ज्या गाववाल्यांच्या साडेबाराच्या फायली अजून अडकल्यात त्यांच्यासाठी. बहुतेक वेळा घोळ वारसांत असतो. सातबाऱ्यावर भावांची नावं लागतात, बहिणींची राहतात, आणि प्लॉटची सोडत निघाल्यावर एखादी बहीण हरकत घेते. तिचं चुकत नाही. कोर्टाचा वारस दाखला आधीच काढा (तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनचा, म्हणजे तोही इंग्रजांचाच). त्यात सगळ्या बहिणींची नावं घाला. ज्यांना खरंच हिस्सा नको त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा, साध्या स्टॅम्पपेपरवरचं चालत नाही. निवाड्याची प्रत नसेल तर भूसंपादन कार्यालयात निवाडा क्रमांक आणि सर्व्हे नंबर देऊन नक्कल मागा. जुन्या सातबाऱ्यावरचं आणि निवाड्यातलं क्षेत्र जुळतं का ते आधी बघा. दोन गुंठ्यांचा फरक असला तरी फाईल परत येते.