मैदानासाठी अकरा महिने उरलेत

आमच्या गल्लीच्या टोकाला जे मैदान आहे, ते खासगी मालकीचं आहे हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी तिथं रोज चालतेय. एका कडेला चार बाकडी, एक घसरगुंडी आणि दोन थोराड पर्जन्यवृक्ष आहेत, म्हणून सगळे त्याला 'बाग' म्हणतात. माझी मुलगी तिथंच सायकल शिकली. सासऱ्यांचं फिरणं शेवटच्या वर्षात त्या चार बाकड्यांपुरतंच उरलं होतं.

मग एके दिवशी मोजणीवाले आले आणि कुंपणाच्या खांबांवर लाल खुणा करून गेले. शेजारच्या इमारतीतल्या, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं तेव्हा कळलं, की विकास आराखड्यात हा भूखंड खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे खरा, पण महापालिकेनं तो कधी ताब्यातच घेतला नाही. आणि मालकानं जमीन खरेदी करा अशी नोटीस देऊन तेरा महिने उलटून गेलेत.

ही नोटीस काय असते, ते प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याचं कलम १२७ सांगतं, की अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि तरी आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते इथंही बांधता येतं. आमच्या शेजारी बावीस मजल्यांचा टॉवर आहे.

'आम्ही प्रस्ताव वर पाठवलाय' या उत्तरावर विसंबून चालत नाही. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात स्पष्ट केलंय. आम्हाला मात्र खिडकीवर तेच उत्तर तीनदा मिळालं.

आपल्याला वाटतं, बुलडोझर आला की आडवं पडू, झाडांना मिठी मारू. तोवर मैदान कागदावर कधीच गेलेलं असतं. तुमच्या भागातलं मैदान आराखड्यात कुठल्या रंगात आहे, सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर कुणाचं नाव आहे, नोटीस आलीय का, हे आजच विचारा.

मालकाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांची जमीन इतकी वर्षं अडकून पडलीय आणि त्यांनी मुलांना एकदाही हाकललं नाही. त्यांना मोबदला मिळायलाच हवा. रोख देणं जड जात असेल तर कलम १२६ मध्ये टीडीआरची सोय आहे, म्हणजे इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता येतो. आमची मागणी एवढीच आहे: त्यांच्याशी बसून बोला, आणि अकरा महिन्यांच्या आत बोला.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला या आठवड्यात चारजणांनी विचारला. 'तुम्हाला घर मिळालं, आता दुसऱ्यांना नको का?' प्रश्न रास्त आहे.

माझं माहेर दादरचं. शिवाजी पार्क लोकांसाठी खुलं झालं १९२५ मध्ये, तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या प्रयत्नांनी त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. पण ते मैदान आलं कुठून? १८९६ च्या प्लेगनं दाटीवाटीची मुंबई हादरली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्यानंच दादर-माटुंग्याची आखणी केली. घरं, रस्ते आणि मैदानं एकाच नकाशावर एकदमच आली. तेव्हा कुणी 'घर की मैदान' असं विचारलं नाही. प्लेग पाहिलेल्या माणसांना ते विचारायची गरजच नव्हती.

आणि आमच्या मैदानावर खेळतं कोण? टॉवरला स्वतःचं पोडियम आहे, जिम आहे. संध्याकाळी सहानंतर मैदान भरतं ते मागच्या वस्तीतल्या पोरांनी. घर दहा बाय पंधराचं, त्यात पाचजण. त्यांच्या आया कट्ट्यावर बसून भाजी निवडतात, कारण घरात वारा नाही. जुलैत गोविंदा पथकाचा सराव इथंच होतो. ज्याचं घर जितकं लहान, त्याला मैदान तितकं जास्त लागतं. तिथं येणारे फ्लॅट या कुटुंबांना परवडणारे नसतील, हे विचारणाऱ्यांनाही माहीत आहे.

चालढकलीचं काय होतं, तेही मुंबईनं पाहिलंय. मैदानांसाठी राखीव पण वस्ती झालेल्या भूखंडांवर पुनर्वसनाच्या इमारती होऊ द्यायच्या का, यावर २००२ मध्ये उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. निकाल लागला जून २०२५ मध्ये. नियम वैध ठरला: ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची, उरलेल्या जागेवर इमारती. त्या वस्तीतल्या माणसांना घर मिळू नये असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. पण ती जमीन वेळेवर घेतली असती, तर गरिबाचं घर आणि पोरांचं मैदान यांना एकमेकांसमोर उभं करायची वेळ आली नसती.

मला बळ देणारी गोष्ट बेंगळुरूची आहे. तिथं आराखड्यात बागेसाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून खासगी नर्सिंग होमला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. तुमचा काय संबंध, असं त्यांनाही विचारलं गेलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्दच ठेवलं आणि सांगितलं, की बाग नाहीशी झाली तर झळ बसते ती आजूबाजूच्या रहिवाशांनाच, त्यामुळे त्यांना दाद मागण्याचा पूर्ण हक्क आहे. ही साधी, गल्लीत राहणारी माणसं होती.

रविवारी सकाळी सहा ते नऊ फाटकाजवळ टेबल लावतोय. सह्या कराच, पण त्याहून मोलाचा आहे सोसायटीचा ठराव. कमिटीची सभा लावा, चार ओळींचा ठराव करा, लेटरहेडवर शिक्क्यासह आणा. मसुदा काकांनी लिहून ठेवलाय, कमेंटमध्ये मागा, पाठवते. वस्तीतल्या महिला मंडळाचा ठराव सगळ्यात आधी आलाय, काल रात्रीच, वहीच्या पानावर, एकोणचाळीस सह्या आणि सहा अंगठ्यांसह.