‘एकदा तरी वर्गात उभे राहा’ म्हणणाऱ्या महोदयांस

महोदय,

शाळांनी विकिपीडियासारखी संकेतस्थळे विद्यार्थ्यांसाठी बंद करू नयेत, या माझ्या लेखावर ‘असे लिहिणाऱ्याने एकदा तरी वर्गात उभे राहावे’ असा शेरा आपण मारला आहे. वर्गात उभे राहणे ही शिक्षाही असते. आपणांस शिकवणे अभिप्रेत असावे, असे धरून चालतो. समोरच्याला अडाणी ठरवूनच ज्याने तोंड उघडले, त्याला मुद्द्यांची चाड किती, हे वेगळे सांगायला नको.

एक चूक मान्य करतो. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाने २००७ साली विकिपीडियावर बंदी घातली, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात तेथील केवळ इतिहास विभागाने लेखनात विकिपीडियाचा संदर्भ देण्यास मनाई केली होती, वाचण्यास नव्हे. चूक दाखवल्याबद्दल आभार. मात्र या दुरुस्तीने माझीच बाजू बळकट होते, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता वर्गाविषयी. मी चौदा वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, हे सांगण्याची वेळ आपण आणलीत. आमच्या संगणक कक्षात नुसते शब्द पाहून पाने अडवणारी यंत्रणा बसवली होती. जिच्या आईवर उपचार चालू होते अशा एका मुलीने स्तनांच्या कर्करोगाची माहिती शोधली, तेव्हा ‘अनुचित मजकूर’ अशी पाटी झळकली आणि तिने इकडेतिकडे पाहत घाईघाईने संगणकच बंद केला. त्या पाटीचे समर्थन तुम्ही तिच्यासमोर उभे राहून करा, मग मला वर्ग शिकवा.

विकिपीडियावरचे उतारे जसेच्या तसे उतरवण्याची खोड आमच्या शाळेतील बंदीने गेली नाही. मुले तेच उतारे घरून छापून आणू लागली. पुढे बंदी उठल्यावर मी विकिपीडियावरील एक लेख भिंतीवर दाखवला आणि ‘इतिहास पहा’ ही त्या लेखातील बदलांची नोंद उघडून कोणी, कधी, कोणते वाक्य बदलले ते मुलांकडूनच शोधून घेतले. दुसऱ्या आठवड्यात पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदावर बोट ठेवून एकाने विचारले, “सर, हे कोणी लिहिलंय?” माझी पंचाईत झाली, पण तास सार्थकी लागला.

अमेरिकी पत्रकार जॉन सीगेंथेलर यांच्या विकिपीडियावरील चरित्रात २००५ साली सुमारे चार महिने टिकलेल्या खोट्या मजकुराचा आपला दाखला जुना आणि घासून गुळगुळीत झालेला आहे. न्यूयॉर्कच्या शाळांनी जानेवारी २०२३मध्ये चॅटजीपीटी अडवले, हे आपण आवर्जून लिहिता. मे महिन्यात ते धोरण मागे घेतले गेले, हे मात्र गाळता. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्याजोगे काही नाही.

आपण कोणत्या इयत्तेला शिकवता, याचा उल्लेख एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत कोठेच आढळला नाही.