'टेम्पो भरा आणि थेट गावात जा', पण कुठल्या गावात?

सीना नदीला पूर आला की एक मेसेज हमखास फिरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापुरातल्या माझ्या प्रत्येक ग्रुपवर होता. म्हणणं असं: गोदामं, याद्या, संस्थांच्या एकत्र बैठका हे सगळं नाटक, त्यावरचा खर्च पूरग्रस्ताच्या ताटातून जातो, टेम्पो भरा आणि थेट गावात जा.

'थेट गेलं की लवकर पोहोचतं.' पहिल्या रात्री खरं आहे. शेजारच्या गावातून आलेल्या भाकरीला कुठलीच संस्था गाठू शकत नाही. पण तिसऱ्या दिवशी मोहोळ तालुक्यात डांबरी रस्त्यालगतच्या एका गावात मी उभा होतो. दुपारपर्यंत तीन टेम्पो आले, तिन्हींत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या. आत दोन किलोमीटरवर, ट्रॅक्टरच जाईल अशा चिखलापलीकडच्या वस्तीवर कुणी फिरकलेलंही नव्हतं. तिथल्या आजी म्हणाल्या, "बिस्किटं नगंत बाबा, जनावरांचं काय तरी बघा." कडबा वाहून गेला होता. संध्याकाळी चौथा टेम्पो आला. पुन्हा बिस्किटं! त्या बिचाऱ्यांना सांगणार कोण?

'याद्या म्हणजे वेळकाढूपणा.' वेळ कशात जातो ते गोदामात बसून बघा. एक गोणी उघडली: वर साड्या, मध्ये गव्हाचं पीठ, तळाशी फुटलेली तेलाची पिशवी. असल्या गोण्या निवडण्यात चौघांची अख्खी सकाळ गेली. शिवाय चूल पाण्यात असलेल्या घरात पीठ काय कामाचं? कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालते, विस्तव लागत नाही. हे गावागावांतून आलेल्या याद्यांवरूनच कळलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. पाठवणाऱ्यांची भावना तिथंही चांगलीच होती.

'समन्वयावरचा खर्च वाया.' रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं जिनिव्हातून सगळं हलवण्याऐवजी दुबई, क्वालालंपूर, पनामा इथं विभागीय केंद्रं उभारली, साठा जवळ ठेवला. इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या २००६ च्या भूकंपात मदत त्सुनामीच्या वेळेपेक्षा लवकर पोहोचली, आणि स्वस्तातही पडली. गोदामाचं भाडं डोळ्यांवर येतं. चौथ्या टेम्पोचं डिझेल कुणी मोजत नाही.

'एकत्र केलं की मधले खातात.' संशय रास्त आहे, आणि काही बैठका नुसत्या चहापुरत्या असतात हेही पाहिलंय. पण रजिस्टरवर आवक-जावक असेल तर विचारता तरी येतं. थेट गेलेल्या टेम्पोचा हिशोब मागायचा कुणाकडे?

त्या वस्तीचं नाव गोदामातल्या फळ्यावर चौथ्या दिवशी सकाळी लागलं. पुढे 'कडबा' एवढंच. दुसऱ्या एका मंडळाकडे कडबा पडून होता, ट्रॅक्टर नव्हता. आमच्याकडे ट्रॅक्टर होता. दुपारी दोनला निघाला.