ऑपरेशन दर वेळी तिचंच का?

दुसरं मूल झालं की सासूबाई ठरवूनच टाकतात, 'हिचं ऑपरेशन उरकून घ्या.' नवऱ्याच्या नसबंदीचं नाव काढलं की, 'छे, त्याला कष्टाची कामं, अशक्तपणा येईल.' अहो, कसला अशक्तपणा? बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात, दोन्ही शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या, बांधून कापतात. १५-२० मिनिटांत माणूस मोकळा. वृषणांना हातही लागत नाही. हार्मोन तेच, ताकद तीच. तिचं मात्र पोट उघडायचं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३. आणि त्यातलेही काही जण पुढचे ३ महिने निरोध वापरत नाहीत, वीर्यतपासणीला फिरकत नाहीत. नळीत उरलेल्या शुक्राणूंमुळे दिवस राहिले, की संशय पुन्हा तिच्यावरच!