बिलात घुसवलेला अँटिव्हायरस

परभणीत काय नि नांदेडात काय, घरी वापरायला कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार बिलात अँटिव्हायरस घालूनच मोकळा होतो. कशाला लागतो विचारलं की, "घ्या हो, व्हायरस आला की मग पळत येताल!" अहो, विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, फुकट असतो, आणि घरच्या कामाला पुरतो. हे एकही दुकानदार सांगत नाही. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचं वर्ष संपलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट झळकते, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे', आणि म्हातारी माणसं घाबरून पैसे भरतात. संताप होतो.

त्याहून डोकं फिरतं ते क्रॅकवाल्यांमुळं. चोरीचं विंडोज टाकायचं, त्यासाठी डिफेंडर बंद करायचा, वर अँटिव्हायरसही क्रॅक केलेलाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! अपडेटसुद्धा बंद, का तर नेट संपतं. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती अपडेटमधून मार्चमध्येच दिली होती. ती न टाकलेली मशीनं सापडली.

आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह! पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म प्रिंट करून आणावा, तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, खरे फोल्डर लपवलेले. त्यावर सल्ला काय, तर आणखी एक अँटिव्हायरस टाका. दोन्ही एकमेकांच्या पायात येतात, मशीन रखडतं. काहून गळ्यात मारता हे? विकायचंच तर बाहेरची हार्ड डिस्क विका, फोटोंची एक प्रत तरी वाचेल.