"माझा आवाज वाढव" म्हणायच्या आधी साऊंडचेकला या!

परवा सांगलीत एका मैदानावर आमचा ऑर्केस्ट्रा होता. तिसऱ्या गाण्यात, नेमक्या वरच्या पट्टीतल्या ओळीला, गायिकेनं दोन्ही कानांतले इन-इअर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपला आणि साथीचा आवाज ऐकवणारी कानातली बोंडं) उपसून काढले आणि कानावर हात दाबून तशीच उभी राहिली. ढोलकी चालू, कीबोर्ड चालू, गाणं बंद. मी मॉनिटरला होतो, म्हणजे स्टेजवरच्यांना काय ऐकू जाईल ते बघायला. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी मलाच धरलं. "तुझ्या मिक्सनं वाट लावली."

माझा मिक्स? मिक्स म्हणजे ज्याच्या-त्याच्या कानात कुणाचा आवाज किती, ते प्रमाण. सहा जणांचे सहा मिक्स मी अकरा मिनिटांत बसवलेत! त्या अकरा मिनिटांत गायिका मैदानावरच नव्हती!

साऊंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी एकेकाचा आवाज तपासून बसवायला, सगळ्यांनी तीनला यायचं ठरलं होतं. मी अडीचपासून वायरी ओढत होतो. जनरेटर आला साडेपाचला. ढोलकीवाला पावणेसहाला, कीबोर्डवाला सहा वाजून गेल्यावर. जरा कुठं सुरुवात केली तर मंडळाची पोरं सत्काराच्या खुर्च्या घेऊन स्टेजवर, ढोलकीचे माईक सरकवून मोकळी. साडेसहाला गेट उघडलं, संपलं साऊंडचेक. गायिका साडेसातला आली. तिच्या माईकमध्ये कोण बोललं? निवेदक! खणखणीत आवाजाचा माणूस, माईक ओठाला लावून "हॅलो, हॅलो". त्याच्या आवाजावर गेन लागला; गेन म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते. पुढं भाषणं सव्वा तास चालली, तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नाही. आम्ही वीस मिनिटं मागितली की "किती वेळ लावताय राव!"

आता काय झालं ते ऐका. निवेदकाच्या आवाजावर लावलेला गेन तिच्या मऊ आवाजाला कमी पडला. लोकांना ती ऐकू येईना. एकाच मिक्सरवर बाहेरचं, म्हणजे लोकांना ऐकू जाणारं, आणि कानातलं, दोन्ही; बाहेरचं बघायला दुसरा साऊंडवाला. कानात जाणारे आवाज (सेंड) मी प्री-फेडर ठेवले होते, फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या, आधीच उचललेले, म्हणजे बाहेरच्यानं फेडर कितीही वर-खाली केला तरी कानात फरक पडत नाही. पण गेन सगळ्यांच्या आधी येतो. तो फिरवला की बाहेरही वाढतो आणि सहाच्या सहा कानांतही वाढतो. मी त्या बाहेरच्या साऊंडवाल्याला हात जोडून सांगितलं होतं, बाबा, गेनला हात लावू नको, फेडरवर खेळ. त्यानं टॅब्लेटवर गेनच ढकलला, दहा डीबी (डेसिबल), तेही ती वर चढत असताना! तिच्या कानाच्या पडद्यापासून बोटभर अंतरावर तो आवाज फुटला. आणि शिव्या मला.

इन-इअर म्हणजे कानात बोंडं घातली आणि झालं, असं नसतं हो. पायाजवळचा मॉनिटर (स्पीकर) असतो तेव्हा स्टेजवरचं बाकीचं आपसूक ऐकू येतं. इथं कान बंद. मी पाठवीन तेवढंच जग. ढोलकी पाठवली नाही तर त्या माणसासाठी ढोलकी नाहीच. म्हणून एकेकाला विचारत बसवावं लागतं, आणि पूर्ण वाजवून घेत बसवावं लागतं. आमच्या एक्सआर १८ मिक्सरला ऑक्स, म्हणजे वेगवेगळे मिक्स कानात पाठवायच्या वाटा, सहाच. माणसं सहा, म्हणजे प्रत्येकाला एकेकच वाट, सगळ्यांना मोनो. डावं-उजवं काही नाही, सगळे आवाज एकाच जागी डोक्यात कोंबलेले. अशा वेळी एकाला ऐकू येत नसेल तर बहुतेकदा दुसरं काहीतरी कमी करायचं असतं. पण वीस वर्षांत "ते कमी कर" म्हणणारा मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. जो तो "मला वाढव, मला वाढव".

मग नाही जमलं की एक कान काढून ठेवायचा. आमचा गिटारवाला हेच करतो. उघड्या कानात स्टेजचा सगळा गोंगाट, म्हणून आत असलेल्या कानात आवाज वाढवत न्यायचा. कानाचा हिशोब सरळ आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला फक्त पंधरा मिनिटं. त्याचा कार्यक्रम तीन तासांचा असतो. चाळिशीही आली नाही त्याची, आणि गाडीत मागून हाक मारली तर आत्ताच ऐकू जात नाही. मला झोप लागत नाही त्या विचारानं.

इथनं दहा किलोमीटरवर मिरजेत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढायला बसतो, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून तारा टेकतात ती घोडी घासून बसवायला. घोडी जरा घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. त्याला कुणी म्हणतं का, "अकरा मिनिटांत उरक"? आमचे कानही त्याच कामाचे आहेत.

शनिवारी विट्याला कार्यक्रम आहे. मी आयोजकांना फोन करून सांगितलंय, गायिका पाचला स्टेजवर पाहिजे, तिनं स्वतःच्या माईकवर एक अख्खं गाणं पूर्ण आवाजात म्हटलं पाहिजे. नाहीतर मी तिच्या कानात काही पाठवणार नाही, पायाजवळ मॉनिटर ठेवीन.

"बघतो, पण त्या वेळेला रांगोळीवाल्या बायका असणार स्टेजवर," म्हणाले.