ओव्हरटाइमच्या मेसेजबद्दल खुलासा
"कॅलिफोर्नियात आठवड्याचे ४० तास भरल्याशिवाय ओव्हरटाइम नाही" असा मेसेज फिरतोय, परवा मी पण पुढे पाठवला होता, माफ करा, तो चुकीचा आहे. ४० तासांचा नियम केंद्राच्या कायद्यातला, पण काल राज्याच्या लेबर कोडचं कलम ५१० नीट वाचलं, त्यात दिवसाचे तासही मोजतात, ८ च्या वर दीडपट, १२ च्या वर दुप्पट. म्हणजे तासाला २० डॉलर असतील आणि एका दिवशी १० तास केले तर २०० नाही २२० मिळायला हवेत, मग आठवड्यात तेवढाच एक दिवस काम केलेलं का असेना. कामगारांचं मतदान घेऊन १० तासांची शिफ्ट ठरवलेली असेल तिथे मात्र वेगळं. लोकांचे कष्टाचे पैसे बुडतात हो, तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.